‘दोन वर्षांची झाली की आपोआप करेल’ म्हणून थांबायचं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी इतरांसाठी थोडक्यात मांडते. लेक सात महिन्यांची आहे, गुणसूत्रांच्या तपासणीत डाऊन सिंड्रोम, म्हणजे एक जास्तीचं गुणसूत्र, निघालंय. मान अजून डळमळते, दूध ओढताना दमते. घर पंढरपूरजवळच्या गावात. थेरपीला सोलापूरला जायचं म्हणजे सगळा दिवस मोडतो, त्यामुळे महिन्यातून दोनदाच जमेल. सासूबाई म्हणतात, ‘दोन वर्षांची झाली की आपोआप करेल, आत्तापासून लेकराला कशाला पिळता?’ शिवाय दुसरीतला थोरला मुलगा वाचताना फार अडखळतो. त्याचंही काही असंच असेल का, ही धास्ती आहे.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. चोवीस वर्षं झाली, आणि त्यातली बहुतेक डाऊन सिंड्रोम असलेल्या, उशिरा वाढणाऱ्या बाळांबरोबर गेली. माझं उत्तर असं: आत्ताच सुरू करा. महिन्यातून दोन खेपा पुरतात. पण खरं काम त्या दोन खेपांच्या मधल्या दिवसांत, तुमच्या घरात व्हायचं आहे. ते कसं, हे सविस्तर सांगते. त्याआधी एक तातडीची गोष्ट.

‘दूध ओढताना दमते’ हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. छातीला स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकू आला नाही तरी दोष असू शकतो, म्हणून अशा प्रत्येक बाळाची टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचीच असते. तुमच्या पत्रात इकोचा उल्लेख नाही. झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. दूध पिताना कपाळावर घाम येतो का, श्वास भराभर चालतो का, वजन अडलंय का, ओठ निळसर दिसतात का, हे डॉक्टरांना सांगा. काही दोषांत फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढत जातो आणि पुढे तो कमी होण्यापलीकडे जातो, म्हणून मोठं छिद्र असेल तर शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच करतात. तुमची लेक सात महिन्यांची आहे. इथे एक महिनासुद्धा ‘बघू पुढे’ म्हणू नका.

दुसरी तपासणी थायरॉइडची. जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाची झाल्यावर आणि मग दर वर्षी. सुरुवातीच्या काळातली एक चूक मी विसरू शकत नाही. एक बाळ होतं, गोड, सुस्त, दिवसभर झोपाळू. आम्ही चार महिने त्याच्याकडून मान धरून घ्यायचा प्रयत्न करत राहिलो आणि ‘स्नायू फारच सैल आहेत’ असं म्हणत राहिलो. जन्मावेळचा थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल होता, म्हणून पुन्हा कुणी पाहिलंच नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. शेवटी त्याच्या आत्यानं बद्धकोष्ठतेबद्दल विचारलं तेव्हा तपासणी झाली. गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत बाळ डोळे उघडून आमच्याकडे बघायला लागलं. तेव्हापासून थायरॉइडचा ताजा रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी कुठल्याही बाळाला व्यायाम सांगत नाही.

तिसरी, कानांची. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, आणि बाळ काही तक्रार करत नाही. तीन-चतुर्थांश मुलांना कधी ना कधी ऐकण्याचा त्रास होतो. जन्मावेळची चाचणी चांगली आली तरी दर सहा महिन्यांनी पुन्हा करा. डोळे सहा महिन्यांच्या आत एकदा दाखवायचे असतात. राहिलं असेल तर इकोच्याच खेपेला उरकून घ्या.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि ते त्यांना सांगा, कारण त्या प्रेमानंच बोलताहेत. डाऊन सिंड्रोम असलेली बहुतेक सगळी मुलं चालतात. सरासरीनं दोन वर्षांच्या आसपास, काही वर्षाची असताना तर काही चौथ्या वर्षी. म्हणजे ‘चालेल’ हे खरं आहे. अडचण ‘आपोआप’ या शब्दात आहे.

तुमचा थोरला सात महिन्यांचा असताना दिवसभर काय करायचा ते आठवा. पालथा पडायचा, कुठे भांडं पडलं की मान वर करून बघायचा, हाताला लागेल ते तोंडात घालायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या लेकीचे स्नायू सैल आहेत, सांध्यांना धरून ठेवणारे बंधही सैल आहेत. मान उचलायला तिला इतके कष्ट पडतात की ती उचलतच नाही. मान उचलली नाही म्हणून खोलीत काय चाललंय ते दिसत नाही. बसता येत नाही म्हणून हात मोकळे नाहीत. हात मोकळे नाहीत म्हणून वाटी आपटली की आवाज होतो हे तिला कळत नाही, आणि वाटी तिच्या हातात नाही म्हणून तिच्याजवळ बसून कुणी ‘वाटी’ म्हणत नाही. त्यातून अशी बाळं शांत असतात. रडत नाहीत, त्रास देत नाहीत. सगळे कौतुक करतात, ‘किती गुणी आहे!’ आणि त्या गुणी बाळाला कमी उचललं जातं, त्याच्याशी कमी बोललं जातं, ते जास्त वेळ झोळीत राहतं. गुणसूत्रामुळे आलेला उशीर हा एक. त्याच्यावर थर चढत जातो तो हा दुसरा उशीर. पहिल्यावर माझ्याकडे औषध नाही, कुणाकडेच नाही. दुसरा मात्र आपल्या हातात आहे, आणि तो सातव्या महिन्यात पातळ असतो.

हे काम घरात कसं बसवायचं, ते मला एका आईनं शिकवलं. नवी असताना मी पालकांना छापील यादी द्यायचे. बावीस व्यायाम, प्रत्येकाचं चित्र, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. एक आई दोनदा आली आणि मग यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले. माझी यादी भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी लावलेली होती. बाळ झोळीत होतं. ती आई पहाटे पाचला उठून पाणी भरायची, धारा काढायची, दोन डबे करायची, आणि रात्री अकराला त्या यादीकडे बघून रडायची. ‘मॅडम, मला जमत नाही म्हणून मी आले नाही,’ म्हणाली. तिला बावीस व्यायाम नको होते. ती बाळाला उचलते, दूध पाजते, न्हाऊ घालते, कपडे बदलते, ते कसं करायचं एवढंच तिला दाखवायला हवं होतं. ती यादी मी त्या दिवशी स्वतःच्या हातानं काढून घेतली.

म्हणून तुम्हाला व्यायाम सांगत नाही, उचलायला शिकवते. लेक उताणी असताना दोन्ही काखांत हात घालून सरळ वर घेऊ नका, मान मागे लटकते. आधी तिला एका कुशीवर वळवा. तुमचा खालचा हात तिच्या खांद्याखाली जाऊ द्या. आता क्षणभर थांबा. तिला मान सावरायची संधी द्या; अगदी थोडी सावरेल, तेवढी पुरे. मग हळूहळू उचला, कुशीवरूनच. पुढच्या वेळी दुसऱ्या कुशीवरून. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तुम्ही तिला उचलताच. म्हणजे मानेचं काम वीस-पंचवीस वेळा झालं, आणि वेगळा वेळ काढावा लागला नाही.

पालथं घालणं जमिनीवर जमत नसेल तर माणसाच्या अंगावर करा. आजी पाय पसरून बसल्या की त्यांच्या मांड्यांवर आडवी, पोटावर. समोर स्टीलचं ताट उभं करा, त्यात तिला चेहरा दिसतो. दोन मिनिटं झाली, कुरकुर सुरू झाली की उचला. दूध पाजल्यावर लगेच नको. दिवसातून सहा-सात वेळा दोन-दोन मिनिटं, एकदम पंधरा मिनिटांपेक्षा चांगली.

पाय बघा. उताणी असताना बेडकासारखे बाहेर फाकलेले राहतात ना? झोपवताना मांड्यांच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना ओढणीची गुंडाळी लावा, म्हणजे पाय जवळ राहतील. कडेवर घेताना पाय तुमच्या कमरेभोवती रुंद फाकवून बसवू नका. तिची पाठ तुमच्या पोटाला, दोन्ही पाय जवळ, तोंड जगाकडे. झोळी झोपेपुरती ठेवा. जागी असताना खाली सतरंजीवर.

न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाई येत असतील तर त्यांना नीट, मानानं सांगा: मालीश जरूर करा, पण हातपाय ताणून उलटेपालटे करायचे नाहीत, पाय धरून उलटं लटकवायचं नाही, मान वळवायची नाही. या मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला बंध सैल असू शकतो. पुढे मोठी झाल्यावरही कोलांट्या उड्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणि ती चाकांची, आत बसवायची वॉकर कुणी भेट म्हणून आणली तर परत करा. तिच्यात बाळ लोंबकळतं, बोटांवर रेटतं, पोटाच्या-कमरेच्या स्नायूंना काही काम राहत नाही. पुढे लेक धरून उभी राहायला लागली की आपला लाकडी पांगुळगाडा आणा. तो धरून उभं राहावं लागतं, ढकलावा लागतो, अंगाचं वजन पायावर येतं. पळत असेल तर खालच्या फळीवर विटेचा तुकडा बांधा.

चमच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण जेवण दिवसातून तीन-चारदा होतं आणि बोलणं तिथून सुरू होतं. नाचणीची पेज किंवा मऊ खिमट भरवताना आपण बहुतेक सगळे काय करतो? चमचा आत घालतो आणि वरच्या ओठाला पुसून बाहेर काढतो. त्यात बाळाच्या ओठांना करण्यासारखं काही उरत नाही. तसं न करता छोटा, उथळ चमचा घ्या. तिला ताठ बसवा, तुमच्या डाव्या हाताच्या कोपरात डोकं थोडं पुढे, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, सरळ आणा, जिभेच्या मधोमध ठेवून हलकेच खाली दाबा आणि तसाच धरा. काही करू नका. जीभ आत जाईल, मग वरचा ओठ हळूहळू खाली येईल. कधी तीन सेकंद, कधी आठ. ओठ चमच्यावर आला की चमचा सरळ बाहेर. पहिल्या दिवशी निम्मं सांडेल. जे ओठ आज चमचा मिटतात तेच पुढे ‘प’ आणि ‘म’ म्हणतात. पूर्ण जेवण असं भरवू नका, तीही दमेल आणि तुम्हीही. पहिले पाच घास असे, बाकीचे नेहमीसारखे. ठसका वारंवार लागत असेल, जेवताना श्वास घरघरत असेल तर मात्र थांबा आणि दाखवा.

थोडं-थोडं पण रोज, घरात, आईवडिलांच्या हातून, याला नुसता माझा अनुभव समजू नका. अमेरिकेत डेल उलरिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डाऊन सिंड्रोम असलेली ३० बाळं घेतली. सगळ्यांची नेहमीची थेरपी चालूच होती. त्यातल्या एका गटाच्या घरी छोटी ट्रेडमिल दिली, आणि आईवडिलांनी बाळाला तिच्यावर धरायचं, दिवसाला ८ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. ही मुलं दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्रपणे चालली. मी तुम्हाला ट्रेडमिल घ्या म्हणत नाही. दिवसाची आठ मिनिटं किती मोठी असतात, एवढं बघा. अंतराची अडचणही नवी नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पोर्टेज या गावी १९६९ मध्ये नेमकं हेच झालं: मुलं विखुरलेल्या खेड्यांत, केंद्रात रोज आणणं अशक्य. मग शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जायची, आईबरोबर एकच छोटं उद्दिष्ट ठरवायची, करून दाखवायची, आईकडून करून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात बघायची. ती पद्धत पुढे जगभर पसरली, आपल्याकडेही आली. तुमच्या थेरपिस्टकडून प्रत्येक खेपेला हेच मागा: ‘दोन गोष्टी द्या, माझ्या हातून करून घ्या, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढू द्या.’

बोलण्याचं. या मुलांना कळतं जास्त, बोलता येतं कमी. डोळ्यांनी पाहिलेलं कानांनी ऐकलेल्यापेक्षा चांगलं लक्षात राहतं. यावरून तीन गोष्टी ठरतात. एक, थांबायला शिका. तुम्ही तिला हाक मारली, हसलात, की मनात दहापर्यंत मोजा. तिचं उत्तर येतं, पण उशिरा येतं, आणि तोवर आपण दुसरं काहीतरी बोललेलो असतो. दोन, हातांच्या खुणा वापरा: ‘दूध’, ‘अजून’, ‘पुरे’, ‘ये’. शब्द म्हणायचाच, बरोबर खूण करायची. खुणांची सवय लागली तर बोलणारच नाही, ही भीती मी दर आठवड्याला ऐकते. उलट होतं. मागता येतं हे कळलेलं मूल बोलायची धडपड जास्त करतं, आणि शब्द आला की खूण आपोआप गळून पडते. तीन, घरात मराठीतच बोला. ‘मुलाला भाषेचा त्रास आहे, घरात इंग्रजीच बोला’ असा सल्ला मिळालेले कितीतरी आईबाप मला भेटतात. तुटक्या इंग्रजीत चार वाक्यं बोलून गप्प बसलेली आई मी पाहिली आहे. जिच्या तोंडून भाषा भरभरून येते तिनं तीच बोलावी. दुसरी भाषा नंतर शाळेत शिकता येते, आणि दोन भाषांमुळे या मुलांचं नुकसान होत नाही हे अभ्यासांतही दिसलंय.

डोळ्यांची ही ताकद वाचायला उपयोगी पडते. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांनी १९८०च्या दशकापासून यावर काम केलं. डाऊन सिंड्रोम असलेली कितीतरी मुलं तीन-चार वर्षांची असताना अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला शिकतात, आणि वाचलेला शब्द मग बोलण्यात येतो. गणित त्यांना त्या मानानं जड जातं. तेव्हा तिसऱ्या वर्षी तिच्या, दादाच्या, आजीच्या फोटोखाली मोठ्या ठळक अक्षरांत नावं लिहून लावा. शाळेत जाईल का, असं तुम्ही विचारलंय. जाईल. आधी तुमच्या गावच्या अंगणवाडीत, बाकीच्या मुलांबरोबर.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर पालकांनी एक ध्यानात ठेवावं: प्रत्येक जनुकीय स्थितीचा स्वभाव वेगळा असतो. फ्रॅजाइल एक्स असलेल्या मुलाला ‘माझ्या डोळ्यांत बघ’ म्हणून हनुवटी धरली तर ते आणखी बिथरतं. त्याच्या शेजारी बसून, नजर न भिडवता शिकवावं लागतं. प्रॅडर-विलीमध्ये तान्हं बाळ दूधच ओढत नाही आणि काही वर्षांनी भूक आवरतच नाही, म्हणून घरातल्या खाण्याची शिस्त आधीपासून बसवावी लागते. तेव्हा नेमकं निदान करून घ्या. ‘उशिरा वाढतंय’ एवढ्यावर समाधान मानू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रात दबलेली एक गोष्ट दिसली: ‘ग्रहणात मी भाजी चिरली होती असं सगळे म्हणतात.’ ताई, हे आजपासून मनातून काढून टाका. जास्तीचं एकविसावं गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होतानाच, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधी येतं. तुम्ही नऊ महिन्यांत काय खाल्लं, कधी चिरलं, कुठे गेलात, याचा काडीचा संबंध नाही. फक्त तो रिपोर्ट पुन्हा काढून बघा. ‘४७, एक्सएक्स, +२१’ असं असेल तर साधा प्रकार, शंभरातल्या सुमारे ९५ बाळांचा असतो तो. पुढच्या बाळात पुन्हा होण्याची शक्यता साधारण १ टक्का, किंवा आईच्या वयानुसार येणारी, यांपैकी जी जास्त असेल ती. पण एक गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं, ट्रान्सलोकेशन, असं लिहिलं असेल तर तुम्हा दोघांची तपासणी व्हायला हवी. तिथे पुढच्या बाळाचा हिशेब वेगळा असतो. हे जनुकतज्ज्ञांकडून समजून घ्या, शेजारणीकडून नको.

कागदपत्रांचं झटपट सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि गरज पडली तर हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार त्यात मोफत आहेत, आणि डाऊन सिंड्रोम त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडे नाव नोंदवा, ते तुम्हाला जिल्ह्याच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे अशा मुलांच्या लवकर तपासणी-उपचारांच्या सरकारी केंद्रात, पाठवतील. तिथे विकासाची चाचणी होईल, कदाचित डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर बसवलेली, ३० महिन्यांपर्यंतची डीएएसआयआय. तिचा आकडा परीक्षेचे गुण म्हणून घेऊ नका. ‘कुठली गोष्ट जवळजवळ जमतेय?’ असं विचारा. पुढच्या महिन्याचं काम तेच. वर्ष पूर्ण झाल्यावर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. पाच वर्षांपर्यंत प्रमाणपत्रावर ‘सर्वांगीण विकासातील विलंब’ असं निदान येतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात येतो. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा तिचा हक्क आहे. कुठल्याही शाळेनं ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हटलं तर हे शांतपणे सांगा.

‘मेंदूची टॉनिकं’ आणि स्टेम सेल यांवर एक रुपयाही घालवू नका. जमीन विकून स्टेम सेलची इंजेक्शनं घेतलेलं कुटुंब मी पाहिलंय. आपल्या देशाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेल मान्यताप्राप्त चाचण्यांबाहेर देताच येत नाहीत. ते पैसे कानाच्या तपासणीला, एसटीच्या तिकिटाला ठेवा.

आता थोरला. त्याच्या वाचण्याचा बहिणीच्या गुणसूत्राशी संबंध नाही. पण तिथेही ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासा. मग त्याच्या वहीकडे नीट बघा: ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत गोंधळ होतो का, मात्रा-वेलांट्या गळतात का, जोडाक्षर आलं की थांबतो का, आणि तोंडी विचारलं तर तेच उत्तर फडाफड देतो का? शेवटचं ‘हो’ असेल तर अध्ययन अक्षमतेची शक्यता मनात ठेवा. प्रमाणपत्रासाठीची तपासणी तिसरीत किंवा आठ वर्षांचा झाल्यावर होते, पण मदत आजपासून करता येते. एकच शब्द दहादा लिहायला लावून काही होत नाही. आवाजाचे खेळ खेळा: ‘कमळ’मधला ‘क’ पळाला, काय उरलं? ‘मळ’. ‘म’ पळाला तर? ‘कळ’. एका वेळी एकच मात्रा घ्या, गेरूनं फरशीवर मोठी काढून तिच्यावरून बोट फिरवू द्या. धडा तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे गोष्टी त्याच्यापासून तुटणार नाहीत. आणि घरात सगळं लक्ष बहिणीकडे गेलंय, हेही त्याला दिसतंय. रोज दहा मिनिटं फक्त त्याची असू द्या.

सोलापूरच्या पहिल्या खेपेला जाताना इकोचा, थायरॉइडचा आणि गुणसूत्रांचा रिपोर्ट घ्या. घरात वापरता तोच चमचा आणि वाटी घ्या. लेकीला एक वेळचं भरवायचं ठेवूनच निघा, म्हणजे ती खाते कशी हे थेरपिस्टला प्रत्यक्ष दिसेल. आणि सासूबाईंना बरोबर न्या. तुम्ही शेतात किंवा कामावर असताना दिवसभर बाळ त्यांच्याच मांडीवर असतं. लेकीला तिच्या आजीच्या मांडीवर पालथं घालून, समोर ताट धरून मान वर करायला लावायला सांगा. ती दोन सेकंद जरी ताटाकडे बघून राहिली, तरी आजींना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.